बिशपची बायको

तो शब्द दिसला तेव्हा फहमिदाच्या नखात लसणाची अर्धी सोललेली पाकळी होती, आणि ती तशीच राहिली. जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडं होतं. पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून एका बाजूला मिठाची बरणी ठेवलेली, दुसऱ्या बाजूला तिचा चष्म्याचा डबा. खरं तर ती शोधत होती दुसरंच काही. सकाळी आंघोळीला जाता जाता मुनीब म्हणाला होता, "फहमिदा, बिशपसाहब का वो खत निकाल के रखो ना. ओहदा कबूल करने के बाद का. आज भाषण में डालता." आज त्याचा सत्कार होता. सगळी नोकरी ज्या कॉलेजात गेली, जिथं आधी प्राध्यापक आणि मग प्राचार्य झाला, तिथून तो आता दूरच्या एका नव्या विद्यापीठाचा कुलगुरू होऊन चालला होता. शनिवारी सत्कार, सोमवारी सकाळचं विमान. सामान घेऊन फहमिदानं मागून जायचं होतं. ते पत्र कुठल्या खंडात आहे हे तिला पाठ होतं, कारण बिशपच्या चरित्राचे आणि पत्रांचे ते दोन खंड त्यांच्या घरात त्यांच्या लग्नाइतकेच जुने होते. मुनीब नवा नवा लेक्चरर असताना हैदराबादला आबिदच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून रविवारी त्यानं ते उचलून आणले होते, आणि तेव्हापासून व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा इंग्रज बिशप थिओडोर हॅलिवेल रोशनगेटच्या या घरात लांबच्या चुलत्यासारखा वावरत होता. दाढी करताना मुनीब त्याची वाक्यं म्हणायचा. विद्यार्थ्यांना रागावताना त्याची साक्ष काढायचा. हॅलिवेल हा मूळचा इतिहासकार. मध्ययुगातल्या इंग्लंडमधले मठ, मठांच्या जमिनी आणि त्या जमिनी कसणारी माणसं यांचा इतिहास तो तीन खंडांत लिहायला बसला होता. दोन झाले. मग सरकारातून पत्र आलं, त्याला बिशप केलं, आणि तिसरा खंड राहिला तो राहिलाच. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं, हॅरिएटनं, त्याचं चरित्र आणि पत्रं जुळवून हे पुस्तक केलं होतं.

आणि ती हॅरिएट या आख्ख्या पुस्तकात कुठंच नव्हती. हे फहमिदाला आधीही ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि दिसणं यात फरक असतो. शेकडो पानांत जिथं जिथं तिचा संबंध आला तिथं तिनं "त्यांची पत्नी" असं लिहिलं होतं. त्यांच्या पत्नीची प्रकृती त्या हिवाळ्यात बरी नव्हती. त्यांच्या पत्नीनं सूची करून दिली. एखादा तिसराच माणूस शेजारच्या खुर्चीत बसून दोघांकडे बघून लिहितो आहे असं. आणि आज, ते पत्र शोधता शोधता, पद स्वीकारल्याच्या दिवसाच्या वर्णनात, परिच्छेदाच्या शेवटी, एक वाक्य आलं. *त्या संध्याकाळी त्यांचे कागद मी आवरून कपाटात ठेवले. खोली फार मोठी वाटू लागली.* मी. फहमिदानं मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. पुढच्याच ओळीत पुन्हा "त्यांची पत्नी" सुरू झाली होती, जणू काही झालंच नाही. मुद्रितं तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलं असेल. किंवा हॅरिएटनं सोडून दिलं असेल मुद्दाम, आणि कुणी बघतंय का म्हणून वाट पाहत बसली असेल शंभरावर वर्षं. फहमिदा मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होती. प्रथमपुरुषी, द्वितीयपुरुषी, तृतीयपुरुषी सर्वनामं फळ्यावर लिहिण्यात तिची हयात गेली होती. पण एका सर्वनामापाशी आपण अशा अडून राहू हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती.

ती हसलीच. एकटीच, मोठ्यानं. वाईट वाटायला हवं होतं, आणि ती वाटही पाहत होती वाईट वाटण्याची, पण आलं ते वेगळंच. गंगापूरला अब्बांची कापसाची आडत होती. हंगामात गोदामात छताला टेकतील असे ढीग लागायचे आणि सगळ्यांची नजर चुकवून फहमिदा फळीवर चढून त्यात उडी मारायची. आधी खाली, खाली, नाका-तोंडात सरकीचा तेलकट वास, श्वास बंद, आणि मग तो ढीगच तिला हलकेच वर ढकलायचा. तसं झालं. लसूण हातातच घेऊन ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि लोखंडी कपाटासमोर उभी राहिली. त्यातले मुनीबच्या इतिहासाचे कागद तिनं आवरून ठेवले होते. मुनीब प्राचार्य झाला त्याच आठवड्यात. तो म्हणाला होता, दोन वर्षं, फक्त दोन वर्षं, मग दुसऱ्या खंडाला हात घालू. मित्रांनी थट्टा केली होती, काय मुनीबभाई, तुम्हीही बिशप झालात. आणि कुणीतरी तिच्याकडे वळून म्हणालं होतं, मग भाभी, तुम्ही बिशपची बायको. सगळे हसले होते. तीही.

पहिला खंड कसा झाला हे त्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. दौलताबादच्या वाटांचा इतिहास होता तो. किल्ला नव्हे, सुलतान नव्हे; किल्ल्याकडे येणाऱ्या वाटा, त्यांवरच्या सराया, विहिरी, बाजार, तिथं राबणारी माणसं. संध्याकाळचा चहा झाला की मुनीब गादीवर मांडी घालून फारसी कागद वाचायचा, मोठ्यानं, चालीत. मग त्याचा अर्थ उर्दूत सांगायचा. आणि फहमिदा तो मराठीत लिहायची. त्याचं शिक्षण उर्दूत झालेलं, तिचं गंगापूरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. तो म्हणायचा "काफिले का पडाव", आणि ती विचार करायची, मुक्काम लिहू की तळ लिहू की उतारा लिहू, आणि मग एखादा शब्द असा बसायचा की तो वहीत डोकावून म्हणायचा, "वा! हेच. हेच म्हणायचं होतं मला." हळूहळू पुस्तकाबद्दल दोघं मराठीतच बोलू लागली. भाजीचं, विजेच्या बिलाचं, पाहुण्यांचं दखनीत; सराया-विहिरींचं मराठीत. जणू त्या भाषेत त्यांनी एक वेगळी खोली भाड्यानं घेतली होती. पुस्तक आलं तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलं, डॉ. मुनीब यांची मराठी ठसठशीत आहे, मातीचा वास असलेली आहे. मुनीबनं ते तिला वाचून दाखवलं आणि दोघं गडाबडा लोळली होती हसून. तेव्हा तिला खरोखर काहीच खुपलं नव्हतं. आजही खुपत नव्हतं, हेच तर नवल होतं. जे उसळत होतं ते मागचं काही नव्हतं, पुढचं होतं. कपाट उघडलं तर डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्या वासाखाली कागदांचा, शाईचा, आणि त्या संध्याकाळच्या चहाचा.

"मिला क्या?" मुनीब टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा होता. पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली तरी अंगकाठी तशीच, आणि आज तर चेहऱ्यावर नव्या नवऱ्यासारखी लकाकी.

"मिळालं," ती म्हणाली. टेबलाशी जाऊन तिनं त्याला पत्र वाचून दाखवलं. पद घेतल्यावर हॅलिवेलनं मित्राला लिहिलं होतं की, आज गावोगावची मुलं माझ्यासमोर गुडघे टेकून बसली, त्यांच्या डोक्यांवर हात ठेवताना मला वाटत होतं, यांचेच खापरपणजे माझ्या जुन्या कागदांत नांगर धरून उभे आहेत. तेव्हा मी इतिहास सोडला असं म्हणू नकोस, मी फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाशी येऊन बसलो आहे. मुनीबनं डोळे मिटून ऐकलं. "दुसऱ्या टोकाशी! क्या बात है! हेच. यावरच शेवट करतो भाषणाचा." फहमिदाला ते पत्र नेहमी आवडायचं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, माणूस स्वतःची समजूत किती सुंदर भाषेत घालू शकतो.

गाडीत, क्रांती चौकाच्या सिग्नलला, तिनं सांगितलं. ठरवून नाही. समोर लाल दिवा होता, मुनीब ओठांतल्या ओठांत भाषण घोळवत होता, आणि तिला वाटलं, आत्ता नाही बोलले तर हे तोंडातून फुटेल, सत्काराच्या मध्यावर फुटेल.

"दुसरा खंड मी लिहिते आहे."

"हौ, वहाँ जाके बैठेंगे ना दोनों. बंगला है, बगीचा है..."

"दोघं नाही. मी. तुमची टिपणं आहेत तेवढी वापरते, तसं लिहीनही त्यात. पण लिहिणार मी."

त्यानं मान वळवली. मागच्यानं हॉर्न दिला. दिवा हिरवा झाला होता. चौक ओलांडून त्यानं गाडी पुढं घेतली. मग म्हणाला, "फारसी?"

"इतकी वर्षं ऐकतेच आहे. लिपी मला येते. अडलं तर विचारीन तुम्हालाच."

"और नाम?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं आणि उत्तरही तयार होतं. पण ते देताना आवाज इतका आनंदी लागेल असं वाटलं नव्हतं. "माझं."

मुनीबचा चेहरा उतरला. राग नव्हता तो. आपल्या घराच्या भिंतीत एक दार होतं आणि ते कुणी कधी दाखवलंच नाही, असा काहीसा. "ये कोई बात है क्या आज के दिन?" तो म्हणाला. "कैसा लगेंगा लोगां कू? मुनीब साहब का काम उनकी बीवी कर रई बोलेंगे." तो दखनीत बोलत होता, भाजीच्या आणि बिलांच्या भाषेत. ती मराठीत होती. "काम तुमचं नाही राहिलं ना आता," ती म्हणाली, आणि लगेच तिला त्याच्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला, आणि तिनं ठेवला. "तुम्ही खूप मोठं काम करायला चाललात. मला खरंच अभिमान आहे. पण हे कपाटात पडलेलं मला द्या म्हणतेय मी. नाही, द्या म्हणत नाही. घेते म्हणतेय." हात त्यानं झटकला नाही. धरलाही नाही.

सभागृहात हार होते, शाली होत्या, तिच्यासाठीही एक साडी होती. तिचा उल्लेख झाला तो "सरांच्या यशामागं खंबीरपणे उभ्या असलेल्या" असा, आणि तिला एकदम दिसलं, हॅरिएटही अशीच कुठल्यातरी दगडी सभागृहात पहिल्या रांगेत बसली असेल, थंडीनं पाय गारठलेले, हातमोजे मांडीवर. त्या बाईला खरंच हात लावता येईल इतकी ती जवळ आली. अध्यक्ष म्हणाले, महाराष्ट्र दुसऱ्या खंडाची वाट पाहतो आहे. मुनीब माईकशी आला. क्षणभर त्याची नजर पहिल्या रांगेकडे गेली, तिच्यापाशी थबकली. "इन्शाल्ला, लवकरच," तो म्हणाला. "नव्या जागी थोडी उसंत मिळेल." टाळ्या झाल्या. मग त्यानं बिशपचं पत्र सांगितलं आणि पुन्हा टाळ्या झाल्या, जास्त मोठ्या. तिनंही वाजवल्या. तळहात चुरचुरले. आतली उकळी मात्र शमली नाही. उलट झाकण बसल्यावर ती जास्तच खदखदू लागली.

जेवणाच्या रांगेत बद्रीनाथनं त्यांना गाठलं. मुनीबचा जुना विद्यार्थी, आता स्वतः इतिहास शिकवणारा, राहायला पुंडलिकनगरात आणि गाव शेंद्रा. ताट हातात धरूनच तो सांगू लागला. शेंद्र्याला त्याच्या चुलत्याचं, कडुबाकाकांचं शेत होतं. औद्योगिक वसाहतीला लागून असल्यानं त्याला सोन्याचा भाव आला आणि काकांनी ते खुशीनं विकलं. शेतात एक जुनी पायऱ्यांची बारव होती, बुजत आलेली. घेणाऱ्याला सपाट जमीन पाहिजे होती. परवा जेसीबीनं कडेची माती ओढली तर आतल्या कोनाड्याच्या पायथ्याशी एक दगड उघडा पडला. "अक्षरं आहेत सर त्याच्यावर. उठावाची. आमच्याकडं सगळे म्हणतात उर्दू आहे, पण मला ते फारसी वाटतंय."

मुनीबच्या हातातला घास थांबला. त्या एका क्षणात फहमिदानं आपला पूर्वीचा मुनीब बघितला, गादीवर मांडी घालून बसलेला. "शेंद्र्याला? जालन्याच्या वाटेवर? फोटो?"

"फोटोत काही उमगत नाही, सर. शेवाळ धरलंय. आणि मंगळवारी विहीर भरून टाकणार आहेत. मी हातापाया पडून तेवढे दिवस थांबवलंय. पुरातत्त्ववाल्यांना अर्ज दिला, पण त्यांचं कधी व्हायचं? तुम्ही उद्या..."

"उद्या कुलपतींचा माणूस येतोय घरी. सोमवारी निघतोय मी." घास तोंडात गेला. चेहरा मिटला. "तू दगड काढून घे ना सुरक्षित."

"तो जोत्यात बसवलाय सर. काढायला गेलं तर फुटंल."

"मी येते," फहमिदा म्हणाली.

बद्रीनाथनं तिच्याकडे पाहिलं, मग आदबीनं सरांकडे. मुनीब म्हणाला, "फहमिदा कू सामान बांधना है." आणि दुसऱ्या कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अभिनंदन सर, आणि तो वळला.

सोमवारी सकाळी शेजारच्या नवाबच्या रिक्षातून ती त्याला चिकलठाण्याला विमानतळावर सोडायला गेली. दोन दिवस घरात त्या विषयावर शब्द निघाला नव्हता. मुनीब चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसासारखा तो गप्प राहिला होता. बॅग हातात घेऊन तो म्हणाला, "वो किताब का... आत्ता नक्को बोलेंगे. तुम आव, फिर आरामसे."

"मी विचारत नव्हते हो," ती हलकेच म्हणाली. "मी सांगत होते."

त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण दारातल्या जवानानं तिकीट मागितलं आणि तो आत गेला. काचेपलीकडे त्याची पाठ दिसत होती, नवा कोट, मानेवर पांढरे केस. तिला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की डोळे भरले. आणि डोळे भरलेले असतानाच ती रिक्षात बसली. नवाबनं रिक्षा शहराकडे वळवायला घेतली.

"नवाब, उधर नक्को. सीधा आगे. शेंद्रा."

"शेंद्रा? वहाँ क्या है चाची?"

"बावडी है," ती म्हणाली, आणि रिक्षानं वेग घेतला तसा पदर तोंडावर फडफडू लागला. जालना रस्त्यावर ट्रकांची रांग, कारखान्यांच्या पत्र्यांवर सकाळचं ऊन, मध्येच एखाद्या वावरात वखरलेली काळी माती. ह्याच वाटेनं घोडे गेले, तिला वाटलं, बैलांचे तांडे गेले, आणि आपण या वाटेबद्दल पानंच्या पानं लिहिली, पण त्यावरून असं एकटं, स्वतःच्या मनानं, कधी निघालो नाही. छाती धडधडत होती. दहावीच्या निकालाला धडधडली होती तशी. आत काहीच नसेल तर? शेवाळ निघालं आणि खाली नुसताच कलमा असेल, किंवा काहीच वाचता आलं नाही तर? ऐकणं वेगळं आणि वाचणं वेगळं. मुनीब वाचायचा तेव्हा अक्षरं आधीच माणसाळलेली असायची; तिच्यापुढं ती रानटी येणार होती.

बारवेच्या तोंडाशी मातीचा ढीग आणि त्यावर जेसीबी शांत उभा. बद्रीनाथ धावत आला. सर आलेच असतील तर म्हणून त्यानं रिक्षात डोकावून पाहिलं, मग सावरून म्हणाला, "या मॅडम." कडुबाकाका लिंबाखाली बाजेवर बसले होते, पांढरंशुभ्र धोतर, मनगटात नवं घड्याळ.

"तुमी वाचणार व्हय?" ते म्हणाले.

"बघते वाचून. जमलं तर जमलं."

"कुठल्या तुमी?"

"गंगापूरची."

"मंग आपल्याच की! ओ कडूबाई, चहा टाका." घरातून त्यांची बायको, कडूबाई, डोक्यावर पदर घेत बाहेर आली. "त्याच्यात धनाचं काई लिव्हलेलं आसंल तर आधी आमाला सांगा," काका म्हणाले आणि खळखळून हसले. "वावर इकलंय, धन नाय इकलं."

पायऱ्या निसरड्या होत्या. उन्हाळ्यानं पाणी तळाशी गेलेलं, हिरवं, आणि खालून गारवा येत होता. साडीचा ओचा खोचून, बद्रीनाथच्या हाताला धरून ती कोनाड्यापाशी पोचली. दगड हाताच्या दोन वितींएवढा रुंद, त्यावर माती आणि शेवाळ. तिनं बादलीत फडकं भिजवून पुसायला घेतलं, नंतर मऊ ब्रश. घाई करावीशी वाटत होती आणि ती करत नव्हती. अक्षरं दिसू लागली, पण सपाट उजेडात ती एकमेकांत मिसळून जात होती. मुनीब म्हणायचा, उठावाच्या अक्षरांना तिरपा उजेड लागतो. "आरसा आहे का घरात?" तिनं वर ओरडून विचारलं. कडूबाईनं भिंतीवरचा आरसा काढून आणला, अजून त्याच्या कोपऱ्यात टिकल्या चिकटलेल्या. नवाब तो घेऊन वरच्या पायरीवर बसला आणि त्यानं ऊन पकडून खाली सोडलं. उजेडाचा चौकोन भिंतीवरून भिरभिरत आला, दगडावर पडला, एका कडेनं. आणि अक्षरं उभी राहिली. अशी उभी राहिली की बद्रीनाथच्या तोंडून "आयला!" निघून गेलं.

फहमिदानं चष्मा पुसला. पहिली ओळ ईश्वराच्या नावाची, ती सगळीकडे असतेच. दुसऱ्या ओळीत चाह. चाह म्हणजे विहीर. तिच्या कानात मुनीबचा आवाज तो शब्द चालीत म्हणत होता, आणि पुढचा शब्द येण्याआधीच कान पुढं धावला, *बिना कर्द*, बांधली. होतं. तेच होतं. ती आता बोटानं वाचत होती, उजवीकडून डावीकडे, गार दगडावर, आणि तिच्या ओठांतून शब्द बाहेर पडत होते. नाव. नावापुढं त्याचा धंदा की कूळ, कुणास ठाऊक. तिथं दगड झिजला होता. मग तिसरी ओळ, स्पष्ट. *बराए अस्पान व मुसाफिरान.* घोड्यांसाठी आणि वाटसरूंसाठी. तिनं ते तीनदा वाचलं. हॅरिएट, तिला वाटलं, तू पण असं काहीतरी वाचलं असशील कधीतरी त्याच्या कागदांतून, तो बाहेरगावी चर्चं उघडायला गेलेला असताना. वाचलंच असशील. कुणाला सांगितलंस? फोटो काढून तिनं मुनीबला पाठवला. दुपार झाली, चहा झाला, कडूबाईनं बळंच ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊ घातला. ऊन सरकलं तसा नवाब आरसा घेऊन सरकत राहिला आणि ती त्या झिजलेल्या शब्दावरून बोट फिरवत राहिली.

फोन वाजला तेव्हा ती पुन्हा खाली होती. पलीकडे गलका ऐकू येत होता, बँडसारखं काहीतरी.

"कहाँ हो तुम?" मुनीब ओरडला. मग श्वास घेऊन, मराठीत, "कुठं आहेस? हा दगड... हा बहामनी काळातला आहे, वळण बघ अक्षरांचं! तू उतरलीस खाली?"

"खालीच आहे. तुम्ही कुठं?"

"इथं स्वागत चाललंय, ते सोड. नाव वाचलंस? नावापुढं नक्शबंद आहे. नक्शबंद, म्हणजे कुणी सूफी, मोठा माणूस! या वाटेवर नक्शबंदी असल्याचं आपल्याला आजवर..."

"नक्शबंद नाही. नालबंद आहे."

"नालबंद? घोड्यांना नाल मारणारा? अगं, तो कशाला शिलालेख लावेल? फोटोत नीट बघ, श चा शीन आहे तो, त्याचे दाते..."

"तुम्ही फोटो बघताय. मी हात लावून बघतेय. दाते नाहीत, टवका उडालाय तिथं. आणि त्याआधी ल चा लाम आहे, सरळ वर गेलेला, त्याचं टोक शाबूत आहे. आणि तिथं टिंब, नुक्ता, एकही नाही. नक्शबंदाला पाच नुक्ते लागले असते इथंच." ती भराभर बोलत होती, थुंकी उडत होती, बद्रीनाथ तोंड उघडं टाकून बघत होता. "आणि पुढची ओळ ऐका ना. घोड्यांसाठी आणि वाटसरूंसाठी. घोडे आधी! सूफीनं माणसं आधी घातली असती. घोडे आधी कोण घालेल?"

पलीकडे बँड थांबला होता. कुणीतरी म्हणालं, सर, सगळे खोळंबलेत. मुनीब म्हणाला, "खोळंबू द्या," आणि तिच्या कानाशी त्याचा श्वास तेवढा ऐकू आला. मग तो हसू लागला. किती वर्षांत ते हसू तिनं ऐकलं नव्हतं. "नालबंद," तो म्हणाला. "तौबा. नालबंद! वाटेवरचा नालबंद विहीर बांधतो. अख्खा खंड फिरतो यानं, फहमिदा. सराया सुलतानांनी बांधल्या म्हणतो आपण, आणि इथं... आपण याचं वेगळं प्रकरण करू."

"आपण नाही," ती म्हणाली.

विहिरीत पाण्याचा एक थेंब पडल्याचा आवाज आला.

"तू," मुनीब म्हणाला. शब्द काढायला त्याला जड गेलं, ते तिला कळलं. "तू कर. पण मला वाचून दाखव. रोज. इथं कुणी नाहीये गं असं बोलायला."

"दाखवीन."

"मग येणार कधी तू?"

"पुस्तक झाल्यावर."

तो त्यावर काहीतरी म्हणणार होता, पण दगडाचं कुतूहल जास्त झालं. "आणि साल? साल काय आहे? साल असेलच खाली!"

"शेवटची ओळ अजून गाळात आहे. थांबा." तिनं फोन पायरीवर ठेवला, तसाच चालू. गुडघे टेकून, बाह्या मागं सारून तिनं दोन्ही हात चिखलात घातले. बोटांना दगडाची कड लागली, मग एक उंचवटा, मग दुसरा. फोनमधून मुनीबचा आवाज येत होता, "काय दिसतंय? फहमिदा? काय दिसतंय?"

"नवाब," ती वर बघून ओरडली, "उजेड खाली घे!"